मुलांचं सततचं आजारपण आणि न थांबणारा खोकला: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

दोन महिने ते पाच वर्षं या वयाच्या मुलांचे आईबाबा, आणि दिवसभर मूल सांभाळणारे आजी-आजोबा, तपासणीच्या वेळी मला जे प्रश्न विचारतात ते इथे घेतले आहेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला खोकला, ताप किंवा दूध न ओढणं यांपैकी काहीही असेल तर वाचत बसू नका. त्याच दिवशी बाळाला दाखवा.

प्लेग्रुप सुरू झाल्यापासून मूल दर पंधरा दिवसांनी आजारी पडतंय. हे नॉर्मल आहे का?

बहुतेक वेळा हो. निरोगी मुलाला पहिल्या काही वर्षांत वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होतो. पाळणाघरात जाणाऱ्या किंवा घरात शाळकरी दादा-ताई असलेल्या मुलाला तो दहा-बारा वेळाही होतो. एक सर्दी ओसरायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, खोकला त्यापुढेही रेंगाळतो, आणि या सगळ्या सर्द्या वर्षभर सारख्या वाटल्या जात नाहीत. त्या पावसाळ्यात आणि थंडीत गर्दी करतात. त्यामुळे जुलै ते फेब्रुवारी मूल कायमच आजारी आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ते एक आजार संपवून दुसरा घेत असतं.

आईकडून नाळेवाटे मिळालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सहा महिन्यांच्या सुमाराला ओसरतात. त्यानंतर प्रत्येक विषाणूची ओळख मुलाच्या शरीराला स्वतः करून घ्यावी लागते. नुसत्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून जास्त प्रकार आहेत, आणि एक होऊन गेला म्हणून दुसरा होणार नाही असं नसतं. प्लेग्रुपचं पहिलं वर्ष सगळ्यात जड जातं. पुढच्या वर्षी फरक दिसू लागतो.

मग काळजी कधी करायची?

आजारपणाचे दिवस मोजण्यापेक्षा दोन आजारपणांच्या मधले दिवस बघा. मूल बरं असतं तेव्हा खरोखर बरं असतं का? खेळतं, धावतं, खाऊ मागतं, रात्री शांत झोपतं, वजन वाढतं? या सगळ्यांचं उत्तर हो असेल तर वर्षातून दहा वेळा सर्दी होणारं मूलही निरोगीच आहे. उलट सर्दी दोनदाच झाली, पण मधल्या दिवसांतही मूल मरगळलेलं असतं, जिना चढताना धापा टाकतं, किंवा सहा महिन्यांत वजनाचा काटा हलला नाही, तर ते मूल नीट तपासायला हवं.

वजनाचं सांगायचं तर लसीकरणाच्या कार्डात वाढीचा आलेख असतो. बहुतेकांच्या कार्डात तो कोराच राहतो. दर भेटीत वजन लिहून घ्या, ठिपका मांडायला सांगा. पहिल्या वाढदिवसाला वजन जन्मवजनाच्या साधारण तिप्पट होतं, आणि त्यानंतर वर्षाला दोनेक किलो वाढतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाढ मंदावलेली दिसते ती यामुळेच. शेजारचं मूल गुटगुटीत आहे म्हणून तुमचं आजारी ठरत नाही. त्याचा स्वतःचा आलेख वर चढतोय का, एवढंच बघायचं.

काही गोष्टी मात्र नेहमीच्या सर्दीत बसत नाहीत. एका वर्षात दोन न्यूमोनिया, वारंवार फुटणारे कान, पुन्हापुन्हा होणारी खोल गळवं, पहिल्या वाढदिवसानंतरही तोंडातून न जाणारा बुरशीचा पांढरा थर, महिनोन्‌महिने अँटिबायोटिक घेऊनही उतार न पडणं, दर वेळी सलाईनवाटेच औषधं द्यावी लागणं, यांपैकी काही असेल तर रोगप्रतिकारशक्तीत जन्मजात दोष आहे का हे तपासावं लागतं. घराण्यात आधी एखादं मूल लहानपणीच जंतुसंसर्गाने गेलं असेल, किंवा आईबाबांचं लग्न नात्यात, मामाच्या किंवा आत्याच्या घरात झालं असेल, तर ते डॉक्टरांना न विचारताही सांगा. असे आजार क्वचितच होतात. पण मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे या दोषांचं निदान होतं. आपल्या भागात सोय नाही म्हणून शंका मनात ठेवून बसू नका.

खोकला साधा आहे की छातीत गेलाय, हे घरी कसं ओळखायचं?

श्वास मोजून. खोकल्याच्या आवाजावरून अंदाज फसतो. घशातला कफ घरघरला की आई घाबरते, आणि खरा न्यूमोनिया झालेलं मूल कधीकधी फारसं खोकतही नाही.

मूल झोपलेलं किंवा शांत असताना त्याचा सदरा गळ्यापर्यंत वर करा. उजेड पुरेसा हवा. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिने ते एक वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील तर तो वेगवान श्वास आहे. ताप चढलेला असताना आणि रडताना आकडा वाढतोच. म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. तेव्हाही तेवढाच आला तर त्याच दिवशी दाखवा.

दुसरी खूण म्हणजे पोट उडणं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातो, नाकपुड्या फुलतात, मान मागेपुढे हलते. पोट उडत असेल तर सकाळची वाट पाहायची नसते. ओठ निळसर पडणं, पाणीही न पिणं, प्रत्येक घोट उलटून पडणं, झोपेतून नीट जागं न होणं, झटका येणं, शांत असतानाही श्वास घेताना घशातून कर्कश आवाज येणं, यांपैकी काहीही दिसलं की थेट रुग्णालय. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

श्वास मोजणं फक्त डॉक्टरांनाच जमतं असं मानायचं कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या माणसांना मुलांचा न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. त्या गावांमधले बालमृत्यू कमी झाल्याचं त्यांचं संशोधन १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गावातल्या साध्या माणसांना जमलं ते आईबाबांना नक्कीच जमेल.

ताप-सर्दी गेली, पण खोकला तीन आठवडे झाले तरी आहे. किती दिवस वाट बघायची?

सर्दीनंतरचा खोकला निम्म्या मुलांचा दहा दिवसांत थांबतो. दहातल्या नऊ मुलांचा थांबायला पंचवीस दिवस लागतात. विषाणू निघून गेला तरी श्वासनलिकेचं सोललं गेलेलं अस्तर भरून यायला वेळ लागतो, तोवर थंड हवा, धूळ, हसणं, पळणं कशानेही ढास लागते. खोकला हळूहळू का होईना कमी होत असेल आणि मूल खेळत असेल तर थांबायला हरकत नाही.

चार आठवडे उलटले की मात्र तो जुनाट खोकला. मग कारण शोधायलाच हवं. त्यात खोकला ओला आहे की कोरडा हे महत्त्वाचं ठरतं. रोज, दिवसभर, कफाने भरलेला ओला खोकला महिनाभर टिकला तर श्वासनलिकांमध्ये जिवाणूंनी ठाण मांडलेलं असू शकतं. तिथे अँटिबायोटिक लागतं, आणि तेही पाच दिवसांचं नव्हे, दोन ते चार आठवड्यांचं. बाकी वेळी अँटिबायोटिक टाळा म्हणणारे डॉक्टर इथे ते पूर्ण दिवस द्यायला सांगतात, त्यात विसंगती नाही.

एकामागून एक ढास लागून चेहरा लालनिळा होत असेल, शेवटी हुप्प असा आवाज येत असेल किंवा उलटी होत असेल, तर डांग्या खोकल्याची शंका घ्यायची आणि आठवडे न मोजता दाखवायचं. आणि दिवसभर भुंकल्यासारखा खोकला, पण झोपला की एकदाही नाही, असं असेल तर तो बहुधा सवयीचा खोकला असतो. त्यावर औषध नसतं, पण तो बरा होतो.

खोकल्याचं कोणतं सिरप द्यावं?

पाच वर्षांच्या आत शक्यतो कोणतंच नाही. दोन वर्षांच्या आत तर नाहीच.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपमुळे वीसहून जास्त लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचं विषारी रसायन सापडलं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत आणि विकूही नयेत, आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे देऊ नयेत. त्याआधी २०२३ च्या डिसेंबरमध्येच क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखाली वापरू नये, असा इशारा बाटलीवर छापायला औषध नियंत्रकांनी सांगितलं होतं. घरातल्या बाटलीच्या लेबलवर ही दोन नावं शोधून बघा. बऱ्याच घरांत सापडतील.

पण भेसळ नसलेल्या, चांगल्या सिरपबद्दलही माझं मत हेच आहे. लहान मुलांचा खोकला या औषधांनी लवकर बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. गुंगी येते, मूल झोपतं, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. कफ बाहेर काढण्याचं काम खोकला करत असतो, तो दाबून काय मिळवायचं? मेडिकलवाल्याला नुसतं वय सांगून बाटली आणू नका. मोठ्या मुलाची उरलेली बाटली धाकट्याला देऊ नका. डॉक्टरांनी सिरप लिहिलं तर ते कशासाठी आहे हे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

मग घरी करायचं काय? मध, हळद-दूध, वाफ, धुरी, कापूर यातलं काय चालेल?

मध चालतो, आणि लागूही पडतो. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध नुसता किंवा कोमट पाण्यात द्या, रात्रीचा खोकला कमी होतो. वर्षाच्या आत मात्र मध चाटवायचाही नाही. घुटीत नाही, जिभेवर थेंबभरही नाही. मधात बोट्युलिझम या आजाराचे बीजाणू असू शकतात आणि त्यामुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडतात. बाळ जन्मलं की मध-सोनं चाटवण्याची रीत अजूनही काही घरांत आहे. वडीलधाऱ्यांचा मान राखून पण ठामपणे नको म्हणा.

हळद घातलेलं कोमट दूध, मुगाचं कढण, तूप-मीठ घातलेला मऊ गरम भात हे सगळं द्या. घसा शेकला जातो आणि पोटातही काही जातं. चोंदलेल्या नाकासाठी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे तयार थेंब मिळतात. दूध पाजण्याआधी आणि झोपण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब टाकले की बाळ नीट पितं. नाकात तेल घालू नका. ते फुफ्फुसात उतरलं तर वेगळाच न्यूमोनिया होतो.

वाफेचा आग्रह सोडा. पातेल्यातल्या उकळत्या पाण्याने भाजलेली मुलं दर हिवाळ्यात रुग्णालयात येतात आणि वाफेचा मुलांना तसा फायदाही दिसत नाही.

कापराची पुरचुंडी मुलाच्या गळ्यात किंवा झबल्याला बांधू नका. कापूर पोटात गेला तर थोडक्या वेळात झटके येऊ शकतात, आणि रांगणारं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. कापूर असलेला बाम दोन वर्षांच्या आत लावायचा नाही, त्यानंतरही नाकाला कधीच नाही.

आणि धुरी. अंघोळीनंतर खोलीचं दार लावून निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं टाकायची आणि बाळाला त्या धुरावर धरायचं. आजी हे प्रेमाने करते. ऊब मिळते, वासाने घर भरतं. पण बाळाच्या फुफ्फुसात जातो तो धूरच, आणि बंद खोलीतला. खोकणाऱ्या बाळाला तर तो फारच त्रास देतो. ऊब द्यायची तर अंग कोरडं करून टोपडं घाला आणि कुशीत घ्या. अंगाला लावायची वेखंडाची पूडही अशीच हवेत उडून नाकात जाते, तीही नको. डासांची कॉइल, बंद खोलीतली उदबत्ती आणि धूप, चुलीचा धूर, कुणाची बिडी-सिगारेट यांनाही हेच लागू आहे. 'मी गॅलरीत जाऊन ओढतो' म्हणणाऱ्या बाबांच्या कपड्यांना आणि श्वासाला धूर चिकटलेलाच असतो. महिनोन्‌महिने खोकणाऱ्या मुलाच्या घरात आधी हे बघावं, औषधं नंतर.

शेंबूड हिरवा-पिवळा झालाय. आता अँटिबायोटिक लागेल ना?

नाही. साध्या सर्दीतही चार-पाच दिवसांनी शेंबूड घट्ट आणि हिरवा होतो, तो रंग शरीराच्या लढणाऱ्या पेशींमुळे येतो. सर्दी दहा दिवसांनंतरही जराही कमी झाली नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, कान ठणकू लागला, तर विचार बदलतो. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही, पण जुलाब, अंगावर पुरळ आणि पुढे औषधाला दाद न देणारे जंतू या गोष्टी मागे ठेवून जातं. डॉक्टरांनी दिलं तर सांगितलेले सगळे दिवस द्या. पाणी घालून तयार केलेलं उरलेलं सिरप पुढच्या आजारासाठी जपून ठेवू नका. त्यातली बरीचशी औषधं आठवड्याभरात निकामी होतात.

पॅरासिटामॉल किती द्यायचं?

वजनावर, वयावर नव्हे. किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. घोटाळा होतो तो बाटलीच्या ताकदीत. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम म्हणजे पाच मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे साधारण सहा मिली, पाच मिलीत २५० असलेल्या सिरपचे तीन मिली, पण एका मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे फक्त दीड मिली. बाटली बदलली की मापही बदलतं. पावसाळ्यात डेंग्यूची शक्यता असते म्हणून आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक आम्ल स्वतःच्या मनाने देऊ नका.

खोकला रात्री आणि पहाटेच येतो, छातीत शिट्टी वाजते. डॉक्टर पंप म्हणतात. पंपाची सवय लागेल का?

नाही, लागत नाही. हा प्रश्न पंधरा मिनिटं बोलल्याशिवाय सुटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सर्दी झाली की दर वेळी घरघर, रात्री-पहाटे खोकला, पळाल्यावर किंवा खळखळून हसल्यावर ढास, अंगावर कोरडे खाजरे चट्टे, आई-बाबा-मामा-आजीपैकी कुणाला दमा किंवा सततच्या शिंका, असं चित्र असेल तर श्वासनलिका हळव्या आहेत आणि आकसतात. कुणी याला बालदमा म्हणेल, कुणी ॲलर्जिक खोकला, कुणी नुसतं 'प्रायमरी' (हे खरं तर लहान मुलांच्या टीबीचं नाव). तीन-चार वर्षांच्या आत घरघरणाऱ्या बहुतेक मुलांचा त्रास शाळेच्या वयापर्यंत थांबतो. थांबेपर्यंत मुलाला झोप आणि खेळ मिळायला हवा, त्यासाठी पंप आहे.

पंप (इनहेलर) म्हणजे शेवटचं, जोरकस औषध, अशी समजूत घट्ट बसली आहे. मात्रा बघा. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या सिरपच्या पाच मिलीत २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम औषध असतं. ते पोटातून रक्तात आणि मग सगळ्या शरीरात फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाच्या एका फवाऱ्यात असतं १०० मायक्रोग्रॅम, आणि ते थेट छातीत जातं. रोज घ्यायच्या पंपात बहुधा कमी मात्रेचं स्टेरॉइड असतं. त्याचा उंचीवर होणारा परिणाम साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास असतो. उलट, दम्याने रोज रात्र जागून काढणारं मूल वाढीत मागे पडतं.

बिघडतं ते पंप देण्याच्या पद्धतीत. लहान मुलाला पंप नुसता तोंडात धरून कधीच द्यायचा नाही, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधली प्लास्टिकची पोकळ नळी) आणि मास्क हवा. पंप हलवा, स्पेसरला जोडा, मास्क नाक-तोंडावर फट न राहता बसवा, एकच फवारा दाबा, आणि मूल पाच-सहा श्वास घेईपर्यंत धरून ठेवा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा पंप हलवा. स्टेरॉइडचा पंप झाल्यावर तोंड धुवा, लहान असेल तर ओल्या फडक्याने चेहरा आणि तोंड आतून पुसा. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि हवेतच वाळू द्या. फडक्याने पुसला तर आतल्या प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. मूल रडत असताना दिलेल्या फवाऱ्यातलं बरंचसं वाया जातं. आधी बाहुलीला, मग बाबांना, मग मुलाला, असा खेळ करून बघा.

बरं वाटलं म्हणून पंप आपणहून बंद करू नका. मॉन्टेलुकास्ट हे दम्या-ॲलर्जीवरचं औषध चालू असताना मूल एकाएकी चिडचिडं झालं, रात्री किंचाळून उठू लागलं, तर डॉक्टरांना लगेच कळवा. त्याचा हा परिणाम माहीत आहे, औषध थांबवता येतं.

घरी नेब्युलायझर घेऊ का?

शक्यतो नको. स्पेसरने दिलेला पंप तितकाच काम करतो, वीज लागत नाही, पिशवीत मावतो. घरात मशीन असलं की प्रत्येक खोकल्याला ते लावलं जातं आणि डॉक्टरांकडे जायला उशीर होतो.

खोकला एकाएकी सुरू झाला, सर्दी-ताप काहीच नव्हतं. कशामुळे?

मूल शेंगदाणे, चणे, फुटाणे खात होतं का, किंवा सीताफळाच्या बिया, मणी, पेनाचं टोपण त्याच्या हाती लागलं होतं का, हे आठवा. खाताना एकदम ठसका लागला, मूल गुदमरलं, मग शांत झालं आणि त्या दिवसापासून खोकतंय, ही गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे, मग तिला महिना होऊन गेलेला असो. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही. तो दुर्बिणीने काढावा लागतो. चार-पाच वर्षांपर्यंत शेंगदाणे कूट करून द्या, अख्खे नको. पळताना, हसताना, गाडीत भरवणं टाळा.

टीबी तर नसेल ना?

खोकला किंवा ताप दोन आठवड्यांहून जास्त, वजन घटतंय किंवा अडलंय, आणि गेल्या दोन वर्षांत घरात, शेजारी किंवा मूल सांभाळणाऱ्या मावशींना टीबी झाला होता, असं असेल तर तपासणी करायलाच हवी. मुलांना टीबी मोठ्या माणसाकडून होतो. म्हणून घरात आजोबा महिनाभर खोकताहेत का, हेही बघा. मुलं बेडका काढू शकत नाहीत, त्यामुळे त्वचेची चाचणी, एक्स-रे आणि गरज पडल्यास सकाळी उपाशीपोटी नळीने काढलेलं पोटातलं पाणी तपासतात. बीसीजीची लस मुलांना मेंदूच्या आणि शरीरभर पसरणाऱ्या टीबीपासून सांभाळते, पण टीबी होणारच नाही याची हमी देत नाही.

सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये मिळतात. घरातल्या कुणाला टीबी निघाला तर पाच वर्षांखालच्या निरोगी मुलालाही प्रतिबंधक औषध दिलं जातं. ते नाकारू नका. आणि लोक काय म्हणतील म्हणून लपवू नका. नेहमीचा टीबी सहा महिन्यांच्या पूर्ण औषधांनी बरा होतो.

मूल तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं.

नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. त्यातून कान दुखणं, कमी ऐकू येणं आणि रात्रीचा खोकला येतो. झोपेत श्वास मध्येच थांबत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. बाकीच्यांना बऱ्याचदा नाकातल्या फवाऱ्याने फरक पडतो, प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही.

केळं, दही, भात बंद करायचं का?

नाही. केळ्याने कफ होतो म्हणून आधी केळं बंद, मग दही, मग भात, मग संत्रं, आणि शेवटी मूल बिस्किट आणि दुधावर येतं. खरी हानी इथे होते. आजारात मूल कमी खातं, मग वजन घटतं, मग पुढचा आजार लांबतो. खोलीच्या तापमानाचं दही आणि पिकलेलं केळं खोकल्यात चालतं. एखाद्या पदार्थाने दर वेळी त्रास होतो असं तुम्ही स्वतः पाहिलं असेल तर तेवढाच टाळा.

आजारात थोडं थोडं, पण वारंवार भरवा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या. वर्षानंतर दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. त्याहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाला भूक लागत नाही आणि त्याच्या रक्तातलं लोह कमी होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षं वयाची देशातली ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. लोहाचं सिरप आणि जीवनसत्त्व अ चे डोस आशाताई किंवा आरोग्य केंद्राकडून मोफत मिळतात, ते चुकवू नका. झोपवून बाटलीने दूध पाजणं थांबवा, त्याने कान वारंवार फुटतात.

इम्युनिटी वाढवणारं टॉनिक किंवा सुवर्णप्राशन द्यावं का?

यांनी सर्दी-खोकल्याची संख्या कमी होते असा भरवशाचा पुरावा नाही. ज्या पैशात टॉनिकची बाटली येते त्यात महिनाभराची अंडी येतात. काही देत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि घटक न लिहिलेली पुडी किंवा थेंब मुलाच्या पोटात घालू नका.

प्रतिकारशक्ती वाढवणारी सिद्ध गोष्ट म्हणजे लस. २०२१ पासून न्यूमोकॉकलची (न्यूमोनियाच्या एका जिवाणूवरची) लस सरकारी लसीकरणात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. डांग्या खोकल्याचे बूस्टर दीड ते दोन वर्षांत आणि पाच ते सहा वर्षांत असतात, पहिला बूस्टर हमखास राहून जातो. गोवरही आठवणीत ठेवा. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीपासून गोवरची साथ पसरली होती. गोवर बरा झाल्यावरही शरीर आधी कमावलेली प्रतिकारशक्ती बरीचशी गमावतं आणि पुढे कित्येक महिने मूल सतत आजारी पडतं. फ्लूची लस सरकारी कार्यक्रमात नाही. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दरवर्षी पावसाळ्याआधी द्यावी, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस. घरघरणाऱ्या मुलाला ती परवडत असेल तर जरूर द्या.

पाळणाघरात परत कधी पाठवू? सगळे म्हणतात, नोकरी सोड म्हणजे मूल आजारी पडणार नाही.

औषधाशिवाय चोवीस तास ताप नाही, मूल खातंय, खेळतंय, तर पाठवा. नाक वाहतंय किंवा थोडा खोकला आहे म्हणून घरी ठेवायचं ठरवलं तर मूल वर्षातले निम्मे दिवस घरीच राहील.

नोकरी सोडल्याने हे आजार टळत नाहीत, पुढे जातात. आज प्लेग्रुपमध्ये होणाऱ्या सर्द्या मग पहिलीत होतात. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत: पाळणाघरात हात साबणाने धुतले जातात का आणि खोल्यांना खिडक्या आहेत का. मूल आजारी पडलं की घरात आईकडे बोट दाखवलं जातं. तिने थंड पाणी दिलं, तिने टोपडं घातलं नाही, तिने केस ओले ठेवले. थंड पाण्यातून किंवा ओल्या केसांतून विषाणू येत नाहीत. आईच्या चुकीने मुलाला सर्दी होत नाही, आणि हे मी घरातल्या मोठ्यांसमोर मुद्दाम मोठ्याने सांगते. रजा आणि रात्रीची जागरणं दोघांत वाटून घ्या.

तीन डॉक्टर बदलले, तरी फरक नाही. आता काय?

एका डॉक्टरांकडे टिका. दर वेळी नवीन डॉक्टर म्हणजे पहिल्यापासून सुरुवात, आणि आधीचा खोकला कुणीच ऐकलेला नसतो. त्यांच्याकडे जाताना तयारीने जा. एका वहीत प्रत्येक आजाराची तारीख, ताप किती दिवस, कोणतं औषध, किती दिवसांनी बरं वाटलं, वजन किती, एवढं लिहा. रात्रीच्या खोकल्याचा आणि उघड्या पोटाच्या श्वासाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. तपासणीच्या टेबलावर मूल एकदाही खोकत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव आहे, आणि एका मिनिटाच्या व्हिडिओतून पुष्कळ कळतं. जुने एक्स-रे सोबत घ्या, म्हणजे पुन्हा काढावे लागणार नाहीत. चिठ्ठ्या हरवल्या असतील तर औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि पंप पिशवीत घालून आणा. पंप कसा देता ते डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा.